सरकारी बाँड सोडलेला पैसा जातो कुठे?

आज डोकं तापलंय म्हणून लिहायला बसलोय.

विषय मावशीच्या दहा लाखांचा. २०१८ च्या फेब्रुवारीत, काका गेल्यानंतर मिळालेले पैसे तिने रिझर्व्ह बँकेच्या पावणेआठ टक्क्यांच्या बचत बाँडमध्ये ठेवले. दर सहा महिन्यांनी ३८,७५० रुपये खात्यात जमा. सात वर्षं तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत मुदत संपली, पैसे खात्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या बँकेतल्या एका गोड मुलीचा फोन आला. "काकू, एवढे पैसे नुसते पडून? या ना एकदा शाखेत, चहा घ्यायला."

चहा झाला. मावशी घरी आली ती विम्याची पॉलिसी घेऊन! वय बासष्ट, अंगावर कोणी अवलंबून नाही, आणि दरसाल दोन लाखांचा हप्ता. तिला सांगितलं होतं पाच वर्षं. कागदावर होती दहा.

तेव्हा "सरकारी बाँडमधून बाहेर पडलेला पैसा कुठे जातो?" या प्रश्नाचं वर्तमानपत्री उत्तर, म्हणजे सोनं, शेअर, जमीन वगैरे, मला आता पटत नाही. आपल्या घरातला पैसा जिथे विकणाऱ्याला जास्त मिळतं तिथे जातो. बचत बाँड विकणाऱ्याला शंभर रुपयांमागे पन्नास पैसे मिळतात, तेही एकदाच आणि वाटून. विम्याच्या पहिल्या हप्त्यावर याच्या कितीतरी पट. मग त्या मुलीने मावशीला काय सुचवावं अशी तुमची अपेक्षा आहे? तिच्यावर माझा राग नाही. तिला महिन्याचं टार्गेट असतं. राग आहे तो "सरकारी कागदात पैसे ठेवणं म्हणजे मागासलेपणा" ही हवा तयार करणाऱ्यांवर. त्यात आपल्या नात्यातले हुशार लोकही आले बरं का!

गंमत पुढे आहे. मावशी ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्याच बदलत्या व्याजदराच्या बाँडवर ८.०५ टक्के मिळत होते, म्हणजे जुन्यापेक्षा जास्त. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के. पोस्टात अर्ज करायचा, दर तिमाहीला दहा लाखांवर २०,५०० रुपये. हे तिला शाखेत कोणी सांगितलं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. तिथे एकाने सोनं सांगितलं, एकाने स्मॉल कॅप!

अर्ध्या-एक टक्क्याच्या मोहाची वाट आपण आधी पाहिलेली नाही का? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप. बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, आणि ठेवीवरचं विमा संरक्षण तेव्हा एक लाखाचंच होतं (फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झालं). मार्च २०२० मध्ये येस बँकेचे आठ हजार कोटींहून अधिक रकमेचे एटी-वन बाँड शून्यावर आणले गेले. ते घेणाऱ्यांत मुदत ठेवीपेक्षा थोडं जास्त व्याज बघून आलेले साधे लोकही होते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा रोखे योजना बंद केल्या. तिथे पैसे परत मिळाले हे खरं, पण हप्त्याहप्त्याने. औषधाचं बिल हप्त्याहप्त्याने भरता येतं का?

आता कोणी म्हणेल, महागाईचं काय? कराचं काय? मान्य. या बाँडचं व्याज पूर्ण करपात्र आहे, पैसे सात वर्षं अडकतात (साठीनंतर थोडी सवलत आहे), कर्जाला तारण म्हणूनही चालत नाहीत. तिशीतल्या माझ्या भाच्याने सगळी पुंजी यात घातली तर मीच त्याला ओरडेन. त्याच्यापुढे पडझड भरून काढायला तीस वर्षं आहेत. मावशीपुढे पुढच्या महिन्याचा किराणा आहे. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस सल्लागार नव्हे, विक्रेता.

असो. पॉलिसी परत करायला तीस दिवसांची मुदत असते. आम्ही अकराव्या दिवशी अर्ज दिला. थोडी कापाकापी होऊन पैसे परत आले. मावशी मात्र आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही. "तुझ्या काकांचे पैसे होते रे," एवढंच म्हणाली. आता ते पोस्टात आहेत.

तुमच्याही घरात कोणाचे तरी असे कागद मुदत पूर्ण होण्याच्या बेतात असतील. तारीख आजच लिहून ठेवा, आणि त्या दिवशी बँकेतून फोन येण्याआधी तुमचा फोन जाऊ दे.

काय म्हणता?