बाळंतिणीचा ताण कोणाच्या खात्यावर?

"टेन्शन घेऊ नकोस गं, बाळाला बाधेल!" गरोदर बाईला नऊ महिन्यांत हे वाक्य शंभर वेळा तरी ऐकावं लागतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो हो, पण ऐकणारीचं काय होतं बघा. आधी नुसतं टेन्शन होतं, आता आपल्याला टेन्शन येतंय याचंही टेन्शन! आणि पुढे बाळ किरकिरं निघालं, त्याचं वजन भरेना, की सगळ्यांच्या नजरा आपोआप तिच्याकडेच वळतात.

हा ताण आता प्रयोगशाळेत मोजता येऊ लागला आहे. आईवर महिनोन् महिने असलेला ताण किती, बाळावर किती, दोन्हींचा काही मेळ लागतो का, हे आकड्यांत मांडायचे प्रयत्न चालू आहेत. विषय मोठा रंजक आहे आणि थोडा धास्तावणाराही. कारण आकडा हातात आला की लगेच प्रश्न येतो, हा मांडायचा कोणाच्या खात्यावर?

आधी मोजतात कसं ते पाहू. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक पाझरतं. ताण आला की ते वाढतं. पण ते काही शत्रू नव्हे. सकाळी आपल्याला कामाला लावण्यातही त्याचा हात असतो. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखर गाठतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. त्यामुळे रक्ताच्या एका नमुन्यावरून फक्त त्या घटकेचं कळतं, आणि तेही सुई टोचल्याने वाढलेलं असू शकतं. लाळ घेणं सोपं, बाळाच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवला की झालं. पण तान्ह्या बाळाच्या कॉर्टिसोलला दिवस-रात्र ठाऊकच नसते. ती लय बसायला काही महिने जातात. (रात्रभर जागवणाऱ्या बाळांच्या आयांना हे शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही म्हणा!)

यावर एक उपाय सापडला तो केसांत. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढता वाढता थोडं कॉर्टिसोल आत साठवून ठेवतो. डोक्याच्या मागच्या बाजूने, मुळापासून तीन सेंटीमीटर केस घेतले की गेल्या तीन महिन्यांची सरासरी मिळते. २००९ साली जर्मनीतल्या क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांचे केस तपासले, तेव्हा गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतली कॉर्टिसोलची वाढ त्यांत दिसली. नवजात बाळाचे केस तर आईच्या पोटातच उगवलेले. म्हणजे आपण ज्याला जावळ म्हणतो त्यात जन्माआधीच्या महिन्यांची खूण असते. अर्थात त्यातले बरेच केस पुढे गळून नवे येतात, त्यामुळे वर्षाच्या बाळाच्या जावळात ती शोधायला जाऊ नये.

इथवर वाचून वाटेल, झालं की काम! पण खरी गंमत पुढेच आहे. गरोदरपणी कॉर्टिसोल सगळ्याच बायकांचं वाढतं, घर सुखी असो वा दुःखी. शिवाय वारेत एक विकर असतं, ते आईकडून येणारं बरंचसं कॉर्टिसोल बाळापर्यंत पोचायच्या आतच निकामी करतं. ताणाशिवायची आई निसर्गाने बहुधा कधी पाहिलीच नसावी, म्हणून त्याने ही सोय करून ठेवली. आणखी एक. ६६ अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की ज्यांच्यावर खरोखर दीर्घकाळ ताणाची परिस्थिती आहे त्यांच्या केसांत कॉर्टिसोल जास्त भरतं, पण 'तुम्हाला किती ताण वाटतो' या प्रश्नाच्या उत्तराशी मात्र त्या आकड्याचा सातत्याने मेळ बसत नाही.

केस एक सांगतात, बाई दुसरंच सांगते. मग ऐकायचं कोणाचं? माझं मत विचाराल तर आधी बाईचं. तिला विचारायची साधनं साधी आहेत आणि स्वस्तही. १९८७ साली एडिंबराहून आलेली दहा प्रश्नांची यादी आजही वापरली जाते. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, उगीच स्वतःला दोष देता का, झोप लागते का, असे साधे प्रश्न. पाच-दहा मिनिटांचं काम. त्यातला एक प्रश्न मात्र स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे, आणि त्याचं उत्तर 'हो' आलं तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे न्यायचं असतं. हे कुठला केस सांगणार?

आता आपल्या शेजारचं, गोव्याचं उदाहरण घ्या. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा तिथला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या बहुतेक जणी गरोदरपणातच त्रासात होत्या. कारणं काय निघाली? पैशाची ओढाताण. नवऱ्याशी बिघडलेले संबंध. मारहाण आणि उपासमार यांचा परिणामही बाळ मुलगा आहे की मुलगी यावर बदलत होता! पुढच्याच वर्षी त्याच गटाने बाळांचं काय झालं ते मांडलं. नैराश्यातल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात आणि उंचीत मागे पडण्याचा धोका दुपटीहून जास्त होता.

ही कारणं पुन्हा एकदा वाचा. त्यात 'आईने टेन्शन घेतलं' असं कुठे आहे? ताण तिने घेतलेला नाही, तिला दिलेला आहे.

आणि दिलेला असेल तर तो काढूनही घेता येतो. मेक्सिकोत 'ओपोर्तुनिदादेस' नावाची योजना होती. मुलांना दवाखान्यात आणि शाळेत पाठवायच्या अटीवर गरीब घरांतल्या आयांच्या हातात रोख पैसे दिले जात. लिया फर्नाल्ड आणि मेगन गुन्नार यांनी २००९ साली दाखवलं की या घरांतल्या लहान मुलांच्या लाळेत कॉर्टिसोल कमी होतं, आणि हा फरक खिन्न आयांच्या मुलांमध्ये जास्त ठळक होता. पैसे आईच्या हातात आणि फरक मुलाच्या लाळेत! मला विचाराल तर मोजमापाचा हाच सगळ्यात चांगला उपयोग. आपल्याकडे २०१७ पासून मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. ते कमी पडतात की पुरतात, वेळेवर पोचतात की नाही, याचं उत्तर असं बाळांच्या अंगावर मोजून बघायला काय हरकत आहे?

पण उद्या एखाद्या लॅबने 'आई-बाळ ताण तपासणी' असं पॅकेज काढलं आणि आकडा जास्त आला म्हणून सुनेला सुनावलं गेलं, तर त्यापेक्षा न मोजलेलं बरं. तापमापक ताप दाखवतो, तो काही ताप आलेल्याचा गुन्हा नसतो.

आयांनी घाबरूनही जाऊ नये. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा. बाळ बिचारं हसून, हात पसरून, शेवटी रडून तिला परत बोलवायचा प्रयत्न करतं. बघवत नाही. पण आई पुन्हा हसली की बहुतेक बाळं हळूहळू परत येतात. ट्रॉनिक यांचं म्हणणंही हेच, की चांगल्या जोड्यांतसुद्धा आई आणि बाळ बराच वेळ एकमेकांशी जुळलेले नसतात. महत्त्व आहे ते पुन्हा जुळण्याला. मात्र त्यासाठी आईत पुन्हा हसण्याइतकं त्राण उरायला हवं.

हे वाचणाऱ्या समस्त काकू, मावश्या, आत्या आणि विशेषतः होऊ घातलेल्या बाबा लोकांना म्हणून एक विनंती. घरातल्या बाळंतिणीला 'टेन्शन घेऊ नकोस' सांगण्याऐवजी 'जेवलीस का, किती तास झोपलीस?' एवढं विचारा. उत्तर तीन तासांच्या आत आलं तर कॉर्टिसोल मोजायची गरज नाही. बाळ घ्या आणि तिला झोपू द्या.