अर्ध्या लहरीचा धडा

गुरु कोठें भेटेल याचा नेम नाहीं. गेल्या वर्षीं अमेरिकेंत मुलाकडे असतांना माझ्या बारा वर्षांच्या नातवानें दूरचित्रवाणीसाठीं घरींच अँटेना करण्याचा घाट घातला. तेथील मोठ्या केंद्रांचें प्रक्षेपण २००९ सालीं अंकीय झालें. तें आजही विनामूल्य मिळतें.

कृति सोपी आहे. लहरींच्या मेगाहर्ट्‌झ-संख्येनें ३०० ला भागिलें म्हणजे लहरीची लांबी मीटरांत मिळते. संख्या ५०० असल्यास लांबी ६० सेंटिमीटर, तिची अर्धी ३०. तार त्याहून किंचित् आंखूड, सुमारें २८ घ्यावी. तांब्याच्या तारेचे १४-१४ सेंटिमीटरांचे दोन तुकडे लाकडी पट्टीवर एका रेषेंत, मध्यें थोडी फट ठेवून, आडवे बसवावे. केबलची मधली तार एकास व भोंवतालची जाळी दुसऱ्यास जोडावी. प्रक्षेपण-मनोऱ्याकडे तारेची बाजू असावी, टोंक नव्हे.

"आजोबा, अर्धीच कां?" नातवानें विचारिलें. प्रकाशाचा वेग मीं तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतला; पण उत्तर देतां येईना! शेवटीं त्यानेंच शोधून सांगितलें : झोक्याला वेळेवर रेटा मिळाला कीं तो चढतो, तसाच अर्ध्या लहरीएवढ्या तारेंत विद्युत्प्रवाह लहरीच्या तालावर हेलकावतो.

चित्र स्वच्छ उमटलें. घरची मंडळी आनंदली. माझें लक्ष मात्र लागेना. वर्गांत 'कां' विचारणाऱ्या मुलांस मीं कित्येकदां खालीं बसविलें होतें, तीं डोळ्यांपुढें उभीं राहिलीं.

वाचक हो, आपल्या घरांतील मुलानें 'कां' म्हटलें, तर त्यास बसवूं नका. त्याच्यापाशीं आपण बसा.