बरोबर सर कोण जाणार?

अभियांत्रिकी कॉलेजांतून हल्ली ‘स्टडी टूर’ची पत्रके निघतात. सिंगापूर, सहा दिवस. पालक विचारतात, “मॅडम, पाठवू का?” मी उलट विचारते, “बरोबर सर कोण जाणार?” विमान, हॉटेल, जेवण सगळे पत्रकात असते, एवढे मात्र नसते. आणि इथे कुणी सोसायटीचे कर्ज काढून पैसे भरलेले असतात.

सिव्हिलच्या मुलांबरोबर मी दोनदा गेले. दोन्ही वेळा मरीना बराज पाहिले. समुद्राचे खारे पाणी बाहेर अडवून पावसाचे गोडे पाणी आत साठवणारा, २००८ साली सुरू झालेला हा बांध. पहिल्या खेपेला गाईडने आकडे सांगितले, सरांनी डोकी मोजली, फोटो झाले, बस सुटली.

दुसऱ्या खेपेचे सर वेगळे. आदल्या रात्री त्यांनी वहीत लिहायला लावले, ‘माझ्या घरी पाणी कुठून येते?’ बेळगावची मुले, पण राकसकोप, हिडकल ही नावे निम्म्यांनाच आठवली. बाकीच्यांचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत होते! बांधावर मोबाईल बंद करून अर्धा तास नुसते बघायला सांगितले. एकाने विचारले, “सर, भरतीच्या वेळीच मुसळधार पाऊस आला तर?” सरांना उत्तर ठाऊक होते, पण त्यांनी त्याला तिथल्या कर्मचाऱ्याकडे पिटाळले. ओहोटीला दरवाजे उघडतात, भरतीला ते बंद ठेवून पंपांनी पाणी उपसतात, हे पोरगे मोडक्या इंग्रजीत स्वतः विचारून आले. मग सगळ्यांना त्यानेच समजावले.

संध्याकाळी प्रश्न निघाला: मलेशियातील जोहोरचे पाणी १९६२ च्या करारान्वये २०६१ पर्यंत मिळणार असताना ही धडपड कशाला? म्हादईचा वाद ऐकत वाढलेली आमची मुले त्यावर रात्री उशिरापर्यंत भांडली.

अमेरिकेतल्या जॉर्जटाउन कन्सॉर्शियमच्या २००९ च्या अभ्यासातही असेच दिसले. परदेशात नुसते राहून परक्या संस्कृतीची समज फारशी वाढत नाही; सोबत जाणता मार्गदर्शक असला की वाढते. तिथली बहुतेक मुले सत्रभर राहिलेली. आपल्याकडे सहाच दिवस, त्यातला एक मुस्तफा सेंटरमध्ये जातो. जाऊ दे, आईला काहीतरी आणायलाच हवे.

तेव्हा पालकसभेत विचारा, संध्याकाळच्या चर्चेची वेळ कार्यक्रमात कुठे आहे? बहुतेक पत्रकांत त्या जागी ‘शॉपिंग’ छापलेले असते.