कृत्रिम हात : मिळतो, पण वापरात का राहत नाही?

भाताची कापणी एका हाताने होत नाही. डाव्या हातात रोपांची मूठ आणि उजव्या हातात विळा, असे ते काम आहे. विनोबा भावे यांचे जन्मगाव असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकसारख्या गावात एखाद्याचा हात अपघातात गेला, तर त्याला कृत्रिम हाताकडून आधी हवी असते ती ही मूठ धरण्याची सोय. पाचही बोटे स्वतंत्रपणे हलवणारा हात शहरातील प्रदर्शनांत टाळ्या मिळवतो. चिखलात, घामात आणि पावसात तो कितपत टिकेल, हा प्रश्न तेथे क्वचितच विचारला जातो.

कृत्रिम पाय आणि कृत्रिम हात यांत एक मूलभूत फरक आहे. पायाशिवाय चालता येत नाही, म्हणून गैरसोय सोसूनही माणूस तो रोज चढवतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेला ‘जयपूर फूट’ देशभर पोहोचला त्यामागे हेही कारण होते. एक हात गेलेला माणूस मात्र काही महिन्यांतच बहुतेक कामे उरलेल्या हाताने करायला शिकतो. त्यामुळे कृत्रिम हाताला रोज स्वतःची उपयुक्तता सिद्ध करावी लागते. कॅनडातील संशोधकांनी पंचवीस वर्षांतील अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार तारेवर चालणारा हात नाकारणाऱ्या प्रौढांचे सरासरी प्रमाण २६ टक्के, तर विजेवर चालणारा हात नाकारणाऱ्यांचे २३ टक्के होते. मुलांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ४५ आणि ३५ टक्के आढळले. अधिक महागड्या यंत्रणेने नकाराचे प्रमाण फारसे घटले नाही, हे या आकड्यांतून दिसते.

वापरणाऱ्यांच्या तक्रारी पाहिल्या की कारणे उलगडतात. पहिली तक्रार वजनाची. नैसर्गिक हात हाडांनी आणि स्नायूंनी तोललेला असतो. कृत्रिम हात मात्र उरलेल्या हातावर बसवलेल्या सॉकेटला लटकतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाचा असूनही तो जड वाटतो. दुसरी तक्रार उष्णतेची. कोकणातील दमट हवेत सॉकेटच्या आत घाम साचतो, कातडी सोलवटते आणि स्नायूंचे विद्युत्-संकेत टिपणाऱ्या हातांमध्ये संकेतच बिघडतात. तिसरी गोष्ट हात शाबूत असलेल्याच्या सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे स्पर्श. पेला पकडला की नाही हे डोळ्यांनीच पाहावे लागते. अमेरिकेत १९९६ मध्ये दीड हजारांहून अधिक हात गमावलेल्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत सतत पाहत न राहता काम करता यावे आणि मनगट वळावे, या अपेक्षा ठळकपणे पुढे आल्या होत्या.

जुना, तारेने उघडणारा आकडा आजही टिकून आहे तो याचमुळे. लाकूड गिरणीत हात गमावलेल्या डी. डब्ल्यू. डॉरन्स या अमेरिकी कामगाराने १९१२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. खांद्यावरच्या पट्ट्याला ताण दिला की आकडा उघडतो आणि तो ताण खांद्याला जाणवत असल्याने पकडीचा थोडाफार अंदाज येतो. दिसायला मात्र तो हातासारखा नाही. लग्नकार्यात किंवा लोकलच्या गर्दीत चारचौघांच्या नजरा चुकवाव्यात असे वाटणाऱ्याला बोटे न हलवणारा, पण कातडीच्या रंगाचा हात अधिक मोलाचा वाटतो. त्याला दिखाऊपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. नमस्कारासाठी दोन हात जुळवता येणे, हाही उपयोगच आहे.

कायद्याचा हिशेब वेगळा आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पंजा गेल्यास कमाईची क्षमता ६० टक्के, तर खांद्याच्या सांध्यातून हात गेल्यास ९० टक्के घटली असे धरले जात असे. कोपर वाचले की कृत्रिम हाताचा उपयोग किती तरी वाढतो, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही जाणतात. रोटरी क्लबांच्या शिबिरांतून मोफत बसवला जाणारा ‘एलएन-४’ हात कोपराखालचा पुरेसा भाग शिल्लक असलेल्यांनाच बसतो. ज्याचा हात कोपराच्या वरून गेला, त्याची गरज मोठी आणि पर्याय मात्र थोडे.

शिबिरात हात मिळतो, पण त्यानंतरची वाट लांब असते. पहिल्या वर्षात उरलेला हात आकसतो, सॉकेट सैल होते; तार तुटते, पट्टा झिजतो. राज्यात या कामाचा मोठा अनुभव पुण्याच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्राकडे (स्थापना १९४४) आणि मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय संस्थेकडे (१९५५) आहे. गागोद्याहून यांपैकी कोठेही जायचे म्हणजे किमान एका दिवसाची मजुरी बुडते आणि सोबतच्या माणसाचीही. मग पट्टा तुटलेला हात खुंटीवर जातो. केंद्र सरकारची साहित्यवाटपाची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. पण शिबिराच्या बातमीत वाटलेल्या हातांची संख्या येते, वर्षभराने वापरात असलेल्यांची येत नाही.

तार बदलणे, पट्टा शिवणे, सॉकेटला अस्तर देणे ही कामे प्रशिक्षित तंत्रज्ञ छोट्या कार्यशाळेत करू शकतो. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात पंधरवड्यातून एक दिवस असा तंत्रज्ञ बसवायचा, तर लागणारा खर्च एका अद्ययावत विद्युत् हाताच्या किमतीशी ताडून पाहण्यासारखा आहे. विशेषतः भातकापणीच्या आधीच्या, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आठवड्यांत.