खेळाडूंच्या दाव्यांवर निर्णय घेणाऱ्या माणसाचाच मेंदू पुरावा ठरला : डेव्ह डुअरसनची गोष्ट

२८ जुलै २०२५. न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका टॉवरमध्ये बंदूकधारी घुसला. त्याने चार जणांचा जीव घेतला आणि नंतर स्वतःलाही संपवलं. त्याला गाठायचं होतं त्याच इमारतीतलं एनएफएलचं ऑफिस. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग. पण लिफ्ट चुकली आणि तो भलत्याच मजल्यावर पोहोचला. त्याच्याकडे एक चिठ्ठी सापडली. त्यात त्याने लिहिलं होतं, मला सीटीई आहे, माझा मेंदू तपासा.

हा माणूस एनएफएलमध्ये कधीच खेळला नव्हता, शाळेत असताना मात्र फुटबॉल खेळायचा. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं की त्याच्या मेंदूत सुरुवातीच्या टप्प्यातला सीटीई सापडलाय. या आजारामुळेच त्याने चार जणांना मारलं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण ‘माझा मेंदू तपासा’ ही मागणी अमेरिकेला नवीन नव्हती. १४ वर्षांपूर्वी एका निवृत्त खेळाडूने मरताना हेच मागितलं होतं. त्याचं नाव डेव्ह डुअरसन.

डुअरसनची गोष्ट वेगळी ठरते, कारण तो फक्त पीडित नव्हता. माजी खेळाडूंच्या अपंगत्वाच्या दाव्यांवर निर्णय घेणाऱ्या टेबलावर तो स्वतः बसायचा.

आधी सांगा, सीटीई म्हणजे काय?

पूर्ण नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. डोक्याला वर्षानुवर्षं वारंवार मार बसला की मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या जमायला लागतात. अशा माणसांमध्ये विसरभोळेपणा, चिडचिड, नैराश्य, आवेगावरचा ताबा सुटणं आणि पुढे स्मृतिभ्रंश दिसून आलाय.

आपल्याकडे ‘कंकशन’ हा शब्द क्रिकेटमुळे माहीत झाला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गहुंजेच्या मैदानावर शिवम दुबेच्या हेल्मेटला बॉल लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला, त्यावरून झालेला वाद आठवत असेल. पण कंकशन म्हणजे एका फटक्याने झालेली दुखापत. सीटीईचं तसं नाही. ज्या धडकेनंतर खेळाडू उठून कपडे झटकतो आणि पुन्हा खेळायला लागतो, अशा हजारो छोट्या धडकांचा हिशोब मेंदूत साठत जातो.

सगळ्यात मोठी अडचण पुढे आहे. माणूस जिवंत असताना सीटीईचं पक्कं निदान आजही करता येत नाही. ते मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. ही अडचण लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण तिच्याभोवतीच फिरतं.

मैदानावरचा डुअरसन

१९६० मध्ये इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात त्याचा जन्म झाला. नोत्र दाम विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. १९८३ मध्ये शिकागो बेअर्सने त्याला निवडलं. त्याची जागा सेफ्टीची. बचावफळीत सगळ्यात मागे उभं राहायचं आणि पुढची फळी फोडून कुणी आलाच तर अंगावर झेप घेऊन त्याला आडवं करायचं, हे सेफ्टीचं काम.

पण बेअर्सचे बचाव प्रशिक्षक बडी रायन सेफ्टीला मागे थांबू देत नसत. त्यांच्या ‘४६ डिफेन्स’मध्ये सेफ्टीही थेट क्वार्टरबॅकवर, म्हणजे समोरच्या संघाच्या म्होरक्यावर धावून जायचा. १९८५ च्या मोसमात या संघाने १६ पैकी १५ सामने जिंकले आणि जानेवारी १९८६ मध्ये न्यू इंग्लंडला ४६-१० असं चिरडून सुपर बोल जिंकला. पुढच्याच मोसमात डुअरसनने सात वेळा क्वार्टरबॅकला आडवं केलं. मागच्या फळीतल्या खेळाडूसाठी हा विक्रम होता आणि तो जवळपास दोन दशकं टिकला.

चार वेळा प्रो बोल, न्यूयॉर्क जायंट्सकडून दुसरा सुपर बोल, समाजकार्यासाठी १९८७ चा ‘मॅन ऑफ द इयर’ पुरस्कार आणि ११ मोसमांची कारकीर्द. १९९३ मध्ये तो निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर बरेच खेळाडू पैशाने आणि मनाने कोसळतात. डुअरसन मात्र उद्योजक झाला. आधी मॅकडोनाल्ड्सची फ्रँचायझी घेतली, मग त्याच कंपनीला सॉसेज पुरवणारा कारखाना चालवला. ज्या विद्यापीठात शिकला, त्याच्या विश्वस्त मंडळावर गेला. खेळ संपल्यावर कसं जगावं, याचं उदाहरण म्हणून लोक त्याच्याकडे बघायचे.

टेबलाच्या पलीकडे

२००६ मध्ये त्याची नेमणूक एनएफएलच्या पेन्शन आणि अपंगत्व मंडळावर झाली. सहा सदस्य, तीन संघमालकांचे आणि तीन खेळाडूंच्या संघटनेचे. डुअरसन संघटनेच्या बाजूने होता. खेळामुळे कायमचं अपंगत्व आलं, असे माजी खेळाडूंचे अर्ज या मंडळासमोर यायचे.

त्या वर्षांत वातावरण काय होतं ते बघा. पिट्सबर्गचा दिग्गज माइक वेबस्टर २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला. शेवटची वर्षं त्याने कधी गाडीत तर कधी रेल्वे स्टेशनवर झोपून काढली होती. डॉ. बेनेट ओमालू या नायजेरियन वंशाच्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. २००५ मध्ये त्यांनी एनएफएल खेळाडूतल्या सीटीईचा पहिला शोधनिबंध छापला. लीगच्या वैद्यकीय समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. ही समिती १९९४ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे प्रमुख मेंदूचे तज्ज्ञ नव्हते, संधिवाताचे डॉक्टर होते.

गंमत म्हणजे याच पेन्शन मंडळाने १९९९ मध्ये वेबस्टरला डोक्याच्या दुखापतींमुळे पूर्ण अपंग ठरवून पैसे मंजूर केले होते. म्हणजे लीगशी जोडलेलं एक मंडळ पैसे देत होतं आणि दुसरी समिती असा काही आजार नाहीच म्हणत होती.

आता डुअरसनकडे या. २००७ मध्ये अमेरिकन सिनेटसमोर या विषयाची सुनावणी झाली. तिथे डुअरसनने आपल्या वडिलांचा दाखला दिला. माझ्या वडिलांनाही अल्झायमर आहे, पण ते कधी व्यावसायिक खेळ खेळले नाहीत, असं तो म्हणाला. मुद्दा असा की मेंदूचं नुकसान नेमकं कशामुळे झालं, हे विचारायला हवं.

प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो विचारल्याने पारडं कुणाच्या बाजूला झुकतं? जिवंत माणूस सीटीई सिद्धच करू शकत नाही. त्यामुळे ‘आधी सिद्ध करा’ म्हटलं की अर्ज करणारा हरतो. आणि हे म्हणणारा संघमालकांचा वकील नव्हता, खेळाडूंनी बसवलेला खेळाडू होता.

मग काय झालं?

त्याच काळात त्याचं स्वतःचं आयुष्य उसवत होतं. २००५ मध्ये पत्नीला ढकलल्याच्या प्रकरणानंतर विश्वस्तपद सोडावं लागलं. नंतर कंपनी बुडाली, संसार मोडला, घर गेलं. डोकेदुखी, धूसर दिसणं, आठवणी निसटणं सुरू झालं. दुसऱ्यांच्या अर्जांमध्ये जी लक्षणं तो वाचायचा, ती आता त्याच्या वाट्याला आली होती.

१७ फेब्रुवारी २०११ ला फ्लोरिडातल्या घरी त्याने आयुष्य संपवलं. वय ५०. मेंदू संशोधनासाठी द्यावा, असा मेसेज त्याने कुटुंबाला पाठवला होता आणि चिठ्ठीतही तेच लिहून ठेवलं होतं. मे महिन्यात बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मॅकी यांच्या टीमने निकाल दिला. मेंदूत सीटीई होता.

आत्महत्येमागे एकच कारण कधीच नसतं. कर्ज, घटस्फोट, एकटेपणा हे सगळं त्याच्या आयुष्यात होतं. पण ज्या पुराव्याची मागणी मंडळ आणि लीग वर्षानुवर्षं करत होती, तो पुरावा त्याने मागे ठेवला.

त्यानंतर काय बदललं?

हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले. २०१५ मध्ये न्यायालयाने तडजोडीला अंतिम मंजुरी दिली आणि आतापर्यंत त्यातून एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई मंजूर झालीय. २०१६ मध्ये लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर फुटबॉल आणि सीटीईसारख्या आजारांचा संबंध पहिल्यांदा मान्य केला. २०२३ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने सांगितलं की तपासलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंपैकी ३४५ जणांच्या मेंदूत सीटीई होता. हा आकडा वाचताना एक काळजी घ्या. लक्षणं दिसलेल्यांचीच कुटुंबं बहुतेकदा मेंदू दान करतात, त्यामुळे दर दहात नऊ खेळाडूंना सीटीई होतो असा याचा अर्थ नाही.

मैदानावरही बदल झाले. कंकशनची लक्षणं दिसली की खेळाडू त्या दिवशी परत उतरू शकत नाही. सरावात काही जागांवरच्या खेळाडूंना हेल्मेटवर मऊ आवरण घालावं लागतं.

पण तडजोडीतली बारीक अक्षरं वाचा. सीटीईने मृत्यू म्हणून भरपाई मिळते ती फक्त २२ एप्रिल २०१५ च्या आधी गेलेल्यांच्या कुटुंबांना. त्यानंतर कुणी गेला आणि मेंदूत सीटीई सापडला, तरी त्या नावाने पैसे नाहीत. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्स यांसारखे ठरावीक आजार हयातीत सिद्ध करावे लागतात. आणि ते मोजण्याच्या चाचण्यांमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी गृहीत धरली जायची, त्यामुळे घसरण कमी दिसायची आणि दावा पडायचा. टीका झाल्यावर २०२१ मध्ये लीगने ही पद्धत बंद करण्याचं मान्य केलं. डुअरसन स्वतः कृष्णवर्णीय होता.

म्हणजे २००७ मधला प्रश्न आजही तिथेच उभा आहे. नुकसान झालंय हे सिद्ध करायचं ओझं कुणावर, ज्याने डोक्यावर मार खाल्ला त्याच्यावर की ज्याने त्यातून कमाई केली त्याच्यावर? जिवंतपणी निदान करणारी चाचणी शोधण्याचं काम सुरू आहे. ती येत नाही तोवर नियम ठरवणाऱ्यांना शंकेचा फायदा कुणाला द्यायचा, हे ठरवावं लागेल. इतकी वर्षं तो बहुतेकदा लीगला मिळालाय.

*(तुम्हाला किंवा ओळखीतल्या कुणाला आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील, तर केंद्र सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरला कधीही फोन करा. कॉल मोफत आहे.)*