एआय विंड टनेलला सुट्टी देणार? आधी भिंतीजवळ बघा

‘एआय आता विंड टनेलची जागा घेणार’ अशा अर्थाचे मथळे हल्ली सारखे दिसतात. विमान असो की गाडी, भोवतीची हवा म्हणे काही सेकंदांत मोजून मिळते. अशी बातमी आली की मी त्यात एकच गोष्ट शोधतो: भिंतीजवळ काय केलंय?

भिंत म्हणजे इथे पंखाचा पृष्ठभाग किंवा पाइपची आतली बाजू. तिला टेकलेली हवा चिकटून राहते आणि वेग बदलतो तो तिथल्या पातळ थरात, हे लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडलं. १९६७ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगांत दिसलं की या थरात संथ प्रवाहाचे लांबट पट्टे तयार होतात आणि मधूनच उसळून वर फेकले जातात. उसळी नेमकी कधी येईल, सांगता येत नाही. प्रवासी विमानाला होणाऱ्या विरोधापैकी जवळपास निम्मा याच थरातल्या घर्षणाचा असतो. म्हणजे प्रश्न थेट इंधनाच्या बिलाचा आहे.

मग सगळंच बारकाईनं का मोजू नये? परवडत नाही. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वेग आणि आकारासोबत वाढणारी संख्या, दहापट झाला तर भिंतीजवळचे मोठे भोवरे टिपायला ग्रिडचे बिंदू सुमारे ७० पट लागतात, असा चोई आणि मोइन यांचा २०१२ चा हिशेब आहे. तो भाग मॉडेलवर सोपवला तर साधारण दहापटीत भागतं.

हे मॉडेल स्टोकॅस्टिक, म्हणजे शक्यतांवर चालणारं असू शकतं. अ‍ॅलन कर्स्टीन यांच्या १९९९ च्या मॉडेलमध्ये भिंतीपासून निघणारी एक सरळ रेषा घेतात आणि तिच्यावर जणू चिठ्ठ्या टाकून भोवरे सोडतात. वेगातला फरक जिथे जास्त, तिथे भोवऱ्याची चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त. हजार वेळा चालवलं की सरासरी कळते आणि टोकाचे झटकेही.

नेमके हेच झटके एआयमध्ये हरवू शकतात. सरासरी चूक कमी करायला शिकवलेलं मॉडेल उत्तर गुळगुळीत करून टाकतं. पण धातू थकतो तो झटक्यांनी, सरासरीनं नाही.

म्हणून माझ्या मते वेगापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. मॉडेल एकच आकडा देतं की शक्यतांचा पट्टा? आणि ज्या रेनॉल्ड्स अंकांवर ते शिकलं, त्यांच्या पलीकडे तपासलंय का? उत्तर मिळेपर्यंत विंड टनेल चालूच राहू द्या.