शिरगणती आणि गंगाजळी

वन्यप्राण्यांच्या रक्षणाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न विचारला जातो तो संख्येचा : किती उरले? प्रश्न आवश्यक आहे. परंतु पुरेसा नाही. एखाद्या संस्थेची केवळ वार्षिक उलाढाल पाहून तिच्या आर्थिक प्रकृतीचे निदान करता येत नाही. तिची गंगाजळी किती, हेही पाहावे लागते. प्राणिजातीची गंगाजळी म्हणजे तिच्यातील जनुकीय विविधता. ऑस्ट्रेलियातील एका चिमुकल्या प्राण्याची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

हा प्राणी म्हणजे माउंटन पिग्मी पॉसम. कांगारूप्रमाणे पिलांना पोटावरच्या पिशवीत वाढवणारा, वजनाने अवघा ४५ ग्रॅमच्या आसपास. १८९५ साली शास्त्रज्ञांना त्याची ओळख झाली ती केवळ जीवाश्मांवरून. पुढे १९६६ साली व्हिक्टोरिया राज्यातील माउंट हॉथमवर, बर्फावरील खेळांसाठी येणाऱ्यांच्या एका निवासात तो चक्क जिवंत सापडला! माउंट बुलर या पर्वतावरील त्याची वस्ती १९९६ मध्ये उजेडात आली, तेव्हा ती सुमारे ३०० होती. दहा-बारा वर्षांत ती तीस-चाळीसच्या घरात आली. खेळांसाठी झालेल्या बांधकामांनी त्याच्या आश्रयाच्या शिळाराशी उद्ध्वस्त झाल्या, माणसाने त्या खंडात आणलेल्या मांजरांनी व कोल्ह्यांनी त्याला भक्ष्य केले.

पण याहून गंभीर हानी डोळ्यांना न दिसणारी होती. त्याच दशकात या वस्तीतील जनुकीय विविधता सुमारे दोनतृतीयांशाने घटली. मोजकेच प्राणी उरले म्हणजे आप्तांतच संबंध होतात, सुप्त दोष संततीत प्रकट होतात, पिले कमी जगतात आणि संख्या आणखी घटते. कर्ज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढणाऱ्या कुटुंबाचीच ही गत.

उपाय उघड होता : माउंट हॉथम परिसरातील नर आणून येथे सोडणे. तथापि त्यावर एक आक्षेप होता, आणि तो उडवून लावण्याजोगा नव्हता. या दोन वस्त्या हजारो वर्षे परस्परांपासून अलग होत्या. त्यांचा संकर झाल्यास स्थानिक वैशिष्ट्ये नष्ट होतील, कदाचित संततीच दुबळी निपजेल, अशी भीती होती. परंतु वस्तीच उरली नाही, तर तिचे शुद्धत्व जपायचे कोणासाठी? २०११ च्या सुमारास मोजके नर आणले गेले. संकरित संतती अधिक धिप्पाड निघाली, माद्यांना पिले अधिक झाली आणि त्या अधिक काळ जगल्या. मेलबर्नच्या अँड्र्यू वीक्स व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तोवर वस्ती पूर्वीच्या संख्येपलीकडे गेली होती. अर्थात शिळाराशींची पुनर्रचना व भक्षकांचा बंदोबस्त यांचाही त्यात वाटा होता.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. ओडिशातील सिमिलिपालच्या एकाकी पडलेल्या वाघांत काळपट रंगाचे वाघ वाढले, ते अशाच आप्तसंबंधांमुळे. तेथे नवे रक्त यावे म्हणून २०२४ च्या अखेरीस आपल्या ताडोब्याच्या दोन वाघिणी पाठवण्यात आल्या. त्यांतील एक भटकत झारखंड व पश्चिम बंगालपर्यंत गेली आणि तिला पकडून परत आणावे लागले. पूर्वी जे काम सलग जंगल विनामूल्य करीत असे, तेच आता ट्रकने व सरकारी खर्चाने करावे लागते, याचा अर्थ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळा सांगायला नको.

आणि नवे रक्त म्हणजे सर्वस्व नव्हे. पॉसमचे मुख्य अन्न असलेले बोगाँग पतंग २०१७ नंतरच्या दुष्काळात डोंगरांवर जवळजवळ आलेच नाहीत. उपाशी आईच्या पिशवीतली पिले जनुके कशी वाचवणार? म्हणूनच पुढच्या गणनेचे आकडे जाहीर होतील तेव्हा वाढ पाहून संतुष्ट न होता आपण आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : हे प्राणी परस्परांना भेटू शकतात काय, आणि त्यांच्या पोटाला आहे काय? गंगाजळी आटल्याचे ज्या संस्थेला दिवाळे निघाल्यावर कळते, तिच्या हिशेबनीसाला आपण शहाणा म्हणत नाही.